आध्यात्मिक अधिकाराची भाषा : पंडिता रमाबाई, मुक्तिसदन आणि नकाराचा प्रश्न

१

धर्मसंघटनांतील अधिकाराचा गैरवापर हा विषय सामान्यतः न्यायालये, वृत्तपत्रे आणि चर्चच्या चौकशी-समित्या यांच्याकडे सोपविला जातो. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ज्या प्रकारच्या गैरवापराचा येथे विचार करावयाचा आहे त्याचे मुख्य साधन भाषा हेच असते. तेथे कुलूप नसते आणि पहाराही नसतो. तरुण माणूस आपण होऊन येतो, आपण होऊन राहतो आणि पुष्कळदा आपल्यावर काही दडपण होते हे त्याला अनेक वर्षांनंतर उमगते. त्याला बांधून ठेवणारी दोरी शब्दांचीच असते. यास्तव ते शब्द कोणते आणि ते कसे कार्य करतात, हा प्रश्न भाषाविचाराच्या कक्षेबाहेरचा ठरत नाही.

‘कॅरिस्मॅटिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे पवित्र आत्म्याची दाने आजही प्रत्यक्ष लाभतात असे मानणाऱ्या, ख्रिस्ती युवक-चळवळींच्या संदर्भात हा प्रश्न अलीकडे जगभर चर्चिला गेला आहे. इंग्लंडमधील वॉटफर्ड येथून १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘सोल सर्व्हायव्हर’ या चळवळीच्या उन्हाळी मेळाव्यांना २०१९ पर्यंत हजारो किशोरवयीन मुले जात असत. तिचे संस्थापक माइक पिलावाची यांनी आपल्या आध्यात्मिक अधिकाराचा उपयोग माणसांवर नियंत्रण ठेवण्याकडे केला आणि त्यातून तरुणांशी अनुचित अंगलट घडली, असा निष्कर्ष चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. त्यानंतर विधिज्ञ फियोना स्कोल्डिंग यांचा स्वतंत्र अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या तरुणाला अचानक जवळ करावयाचे, त्याच्यावर मर्जीचा वर्षाव करावयाचा आणि मग कारण न सांगता त्याला दूर लोटावयाचे, हा क्रम या प्रकरणात वारंवार सांगितला गेला आहे. याच्या आधी, १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथे पाच उपदेशकांभोवती ‘मेंढपाळपणा’ची चळवळ उभी राहिली होती. तीत नोकरी, घर, विवाह अशा बाबींतही अनुयायाने आपल्या मेंढपाळाचा सल्ला घ्यावा अशी अपेक्षा असे. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे या शिकवणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या घटना दूरच्या आहेत. मात्र ज्या प्रश्नाचे त्या उदाहरण आहेत तो प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. तरुण धर्मांतरितावरील आध्यात्मिक दडपण, आश्रयदात्याच्या प्रार्थनेचा आश्रितावर होणारा परिणाम आणि सामूहिक भावावेगात व्यक्तीच्या संमतीचे काय होते, हे तिन्ही प्रश्न एकाच मराठी स्त्रीच्या चरित्रात क्रमाने उभे राहिले आहेत. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) पहिल्या प्रसंगी अधिकाराखाली होत्या, दुसऱ्या प्रसंगी अधिकाराच्या उंबरठ्यावर होत्या आणि तिसऱ्या प्रसंगी अधिकार त्यांच्या हाती होता. त्या तीन प्रसंगांतील भाषाव्यवहार तपासणे आणि त्यातून एक निकष मिळतो का हे पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

पहिला प्रसंग इंग्लंडमधील. आईबाप, भाऊ आणि पती यांच्या मृत्यूनंतर रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास गेल्या. त्यांच्यासमवेत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तेथे आत्मघात केला. आपल्याला बळाने ख्रिस्ती केले जाईल या भयाने त्यांना ग्रासले होते, असे माक्स म्यूलर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ते भय साधार होते की निराधार, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, अन्नवस्त्रासाठी ज्यांच्यावर अवलंबून राहावयाचे त्यांच्याच घरी आपला ‘नाही’ टिकेल की नाही, याची खात्री नसणे हे त्या भयाचे स्वरूप होते. पुढच्या सर्व विवेचनाचा हा आरंभबिंदू मानावयास हवा.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि त्या यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रे इंग्रजीत आहेत. मात्र त्यांतील एक संबोधन मराठी आहे. रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हणत. परक्या माणसाला नात्याचे नाव देणे ही मराठीतील सर्वसाधारण रीत आहे. पण ते नाव दिल्याने दोन गोष्टी एकदम दिल्या जातात. एक जिव्हाळा आणि दुसरा रागावण्याचा हक्क. सिस्टरांनी दुसऱ्याचा भरपूर उपयोग केला. रमाबाईंच्या शंकांना त्या क्वचितच शंका म्हणून उत्तर देतात. बहुधा त्या शंकांचे मूळ अहंकारात आणि हट्टात शोधतात. मतभेदाचे रूपांतर स्वभावदोषात करण्याची ही पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ती सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरच्या चौकशी-अहवालांतही जशीच्या तशी भेटते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर न देता त्याच्या नम्रतेची परीक्षा घेतली की प्रश्न आपोआप मिटतो.

रमाबाईंच्या बाबतीत तो मिटला नाही. त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत तपासून पाहण्याचा हक्क सोडला नाही. मनोरमेला काय शिकवावे हे आई या नात्याने आपण ठरवू, असे त्यांनी बजावले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असावीत या कल्पनेला त्यांनी हरकत घेतली आणि संस्कृतला ते स्थान का नसावे असा प्रश्न केला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याविषयी बिशपांचे मत प्रतिकूल पडले, तेव्हा आपल्या वडिलांनी वा पतीने ज्याला कधी आक्षेप घेतला नाही त्याला इंग्रज धर्मगुरूंनी घ्यावा याचे त्यांना नवल वाटले. या सर्व वादांतून त्यांचा एकच मुद्दा स्पष्ट होतो : ईश्वराची आज्ञा पाळणे आणि ईश्वराच्या वतीने बोलणाऱ्यांची आज्ञा पाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद ओळखण्याचे काम ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचे आहे.

येथे दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी की, नकार देताना रमाबाईंनी ‘आजीबाई’ हे संबोधन टाकले नाही. नाते राखून नकार देता येतो, हे त्यांनी व्यवहारात दाखविले. अधिकाराचा गैरवापर करणारा मात्र नेमके हेच अशक्य करून ठेवतो. दुसरी गोष्ट सिस्टर जेराल्डिन यांच्या पदरात टाकावयास हवी. ही पत्रे त्यांनीच जपली आणि संकलित केली. त्यांवरील त्यांची टिप्पणी रमाबाईंना अनुकूल नाही. तरीही प्रतिपक्षाचा नकार त्यांनी नष्ट केला नाही. आज तो आपल्याला वाचता येतो तो त्यामुळेच.

३

दुसरा प्रसंग पुण्याचा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. विधवांना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, हे आश्वासन संस्थेच्या पायाशी होते. पुढे काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ मध्ये प्रकरण हातघाईवर आले. ‘केसरी’ने हल्ला चढविला, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी होती की, त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. त्यांनी कोणास बोलाविले नाही आणि कोणास अडविलेही नाही.

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. तथापि तो पुरेसा आहे काय, हे पाहिले पाहिजे. उघडे दार हीदेखील एक खूण आहे, आणि खुणेचा अर्थ ती कोण करतो यावर ठरतो. शेजारणीने दार उघडे ठेवून प्रार्थना केली तर त्याचा अर्थ एवढाच की तिला उकडत असावे. ज्या बाईने आपल्याला अन्न, वस्त्र, विद्या आणि सासरच्या छळापासून सुटका दिली, तिने दार उघडे ठेवले तर बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी त्यातून काय वाचील? बोलाविले नाही हे खरे. परंतु आश्रित माणूस न बोलाविताही बोलावणे ऐकतो. किंबहुना न दिलेल्या आज्ञेचे पालन अधिक तत्परतेने होते, कारण ती नाकारण्यासाठी समोर शब्दच नसतात.

याचा अर्थ रमाबाईंच्या विरोधकांचा पक्ष खरा होता असा नव्हे. त्यांचा रोख मुलींच्या संमतीवर नव्हता, धर्मावर होता. पालकांनी मुली नेल्या तेव्हा त्या मुलींना राहावयाचे आहे की नाही, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. एका पक्षाने सांगितले की मुली आपण होऊन येतात. दुसऱ्याने सांगितले की त्यांना भुलविले जाते. दोन्ही वाक्यांत ‘मुली’ हा शब्द आहे आणि दोन्ही वाक्ये दुसऱ्याच कोणाची आहेत. १८९३ च्या वादावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात सदनातील मुलींचे स्वतःचे बोलणे किती थोडे आहे, हे समीक्षकाने नोंदविले पाहिजे.

४

तिसरा प्रसंग सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगावचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्यप्रांत व गुजरात येथून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. १८९८ मध्ये उद्घाटन झालेल्या मुक्तिसदनातील वस्ती पुढे दोन हजारांच्या आसपास पोहोचली. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. या मुलींतील बहुतेकींना परत जाण्यासाठी घर उरलेले नव्हते.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी उज्जीवनासाठी, म्हणजे श्रद्धेच्या पुनर्जागृतीसाठी, विशेष प्रार्थना सुरू केली. वेल्समधील १९०४ चे उज्जीवन आणि त्यापाठोपाठ खासी टेकड्यांतील वार्ता केडगावास पोहोचल्या होत्या. आरंभी सुमारे ७० जणी जमत. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या घरात गेली आणि सभा दिवसातून दोनदा होऊ लागली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी तिला जळताना पाहून पाण्याची बादली आणावयास धावली, अशी हकीकत मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी नोंदविली आहे. थोड्याच वेळात सारे शयनगृह रडत, प्रार्थना करीत आणि पापांची कबुली देत जागे झाले. दुसऱ्या दिवशी रमाबाईंचे शास्त्रविवेचन चालू असताना मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. एब्रम्स यांची १९०६ ची पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाला निमित्त झाली. केडगावाचे हे स्थान जागतिक धर्मेतिहासात मान्यता पावलेले आहे.

या घटनेकडे पाहताना दोन सोप्या भूमिका टाळल्या पाहिजेत. पहिली, भावावेग म्हणजेच फसवणूक, ही होय. ज्या भाषेत वारीचा आणि कीर्तनाचा इतका मोठा वारसा आहे त्या भाषेच्या अभ्यासकाने अश्रू पाहून संशय घेणे शोभणारे नाही. स्वतः रमाबाईंनी टीकाकारांना असेच उत्तर दिले : हिंदी ख्रिस्ती माणसाला आपल्या स्वभावानुसार भाव प्रकट करू द्यावा, पाश्चात्त्य संयमाचा साचा त्याच्यावर लादू नये. हा मुद्दा क्रूसावरील लॅटिन अक्षरांना हरकत घेणाऱ्या रमाबाईंचाच आहे. अन्य भाषा बोलण्याचे दान त्यांना स्वतःला लाभले नव्हते, हेही त्यांनी लपविले नाही. संस्थेच्या प्रमुखालाच जे लाभले नाही ते श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र ठरू शकत नाही; आध्यात्मिक उतरंड निर्माण होण्याला यामुळे काही आळा बसला असला पाहिजे.

दुसरी सोपी भूमिका म्हणजे, रमाबाई थोर होत्या म्हणून प्रश्नच उद्भवत नाही, ही होय. अधिकार थोर माणसाच्या हाती असला तरी त्याची रचना बदलत नाही. जेथे जेवण, निवारा, शिक्षण, पालकत्व आणि मोक्ष ही पाचही एकाच दारातून मिळतात, तेथे पाचशे मुली रडत असताना सहावे शतक पुरे करणारी एखादी मुलगी गप्प बसू शकत होती काय? तिच्या गप्प बसण्याला काय नाव मिळत होते? उपलब्ध वृत्तान्त या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ते बहुतांशी मिशनऱ्यांनी इंग्रजीत, परदेशातील पाठीराख्या वाचकांसाठी लिहिलेले आहेत. मुली मराठीत, गुजरातीत, हिंदीत बोलल्या असतील. ते शब्द त्यांत नाहीत. अनुभव न आलेल्या मुलीचा उल्लेख झालाच तर तो ‘अद्याप न आलेल्या’ मुलीचा असतो. ‘अद्याप’ या एका क्रियाविशेषणाने तिचा नकार विलंबात रूपांतरित होतो.

अन्य भाषांविषयीच्या साक्षींकडेही याच सावधतेने पाहिले पाहिजे. इंग्रजी न येणाऱ्या मुलीने इंग्रजीत प्रार्थना केली, असे काही मिशनरी श्रोत्यांनी सांगितले आहे. मुक्तिसदनात इंग्रजी प्रार्थना नित्य कानी पडत, आणि न समजताही ऐकलेले स्मृतीत राहते, हे भाषाविज्ञानाला परिचित आहे. विल्यम सॅमरिन यांच्या १९७२ च्या ग्रंथानुसार असे उच्चारण सामान्यतः वक्त्याच्या परिचित ध्वनींतूनच घडते. त्याला भाषेची अर्थरचना नसते, पण त्यात विकृतीही नसते. येथे महत्त्वाचे हे की, त्या उच्चारांना अर्थ देण्याचे काम श्रोता करतो, आणि अर्थ देणारा श्रोता संस्थेतील अधिकारी असतो.

मुक्तिसदनात गैरवापर झाला असे येथे म्हणावयाचे नाही; तसे म्हणण्यास पुरावा नाही. म्हणावयाचे आहे ते एवढेच : वाँटेजच्या पत्रव्यवहारात नकार टिकून राहिला, केडगावच्या वृत्तान्तांत त्याला जागाच उरली नाही. आणि हा फरक अशा स्त्रीच्या चरित्रात घडला की जिला नकाराचे मोल इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते.

५

आता या व्यवहाराला मराठी भाषा कोणती साधने पुरविते ते पाहू. मराठी ख्रिस्ती परिभाषेत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. ‘पाळणे’ या धातूची दोन कामे आहेत. मेंढरे पाळतात आणि आज्ञाही पाळतात. पहिल्या अर्थी कर्ता वरिष्ठ असतो, दुसऱ्या अर्थी कनिष्ठ. पाळकाने पाळावयाचे आणि मंडळीनेही पाळावयाचे. क्रियापद एक, पण एकाच्या वाट्याला जोपासना येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला अनुसरण. हा श्लेष निरुपद्रवी आहे, जोवर पाळकाला आपणही कोणाची तरी आज्ञा पाळावयाची आहे याचे स्मरण असते. फोर्ट लॉडरडेलच्या चळवळीत मेंढपाळाचे रूपक विवाहापर्यंत आणि पगारापर्यंत ताणले गेले. रूपक ताणले जाते तेव्हा मेंढरू हेही माणूसच होते, याचा विसर पडतो.

दुसरे साधन चतुर्थीच्या अनुभववाचक रचनेचे. ‘मला बोध झाला’, ‘मला वचन मिळाले’, ‘मला ओझे आले’ या वाक्यांत बोलणारा कर्ता नसतो, अनुभव त्याच्याकडे येतो. भूक लागते, दया येते, तसाच बोधही होतो. अशा वाक्याला ‘हे खोटे आहे’ असे म्हणणे जवळजवळ अशिष्ट ठरते. बोलणारा स्वतःविषयी बोलत आहे तोवर यात वावगे काही नाही. परंतु ‘तुझ्याविषयी मला दाखविण्यात आले’ असे वाक्य झाले की स्थिती पालटते. दाखविणारा अध्याहृत आहे, तो कोण हे उभयतांस ठाऊक आहे, आणि ज्याच्याविषयी दाखविले तो मात्र वाक्यात केवळ विषय म्हणून उरतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की काही वाक्ये माहिती देत नाहीत, कृती करतात. हे वाक्य वरकरणी माहितीचे आहे. त्याची कृती मात्र आज्ञेची आहे. आज्ञा असती तर ती मोडता आली असती. माहितीला मोडावयाचे कसे?

तिसरे साधन ‘आपण’ हे सर्वनाम. ते श्रोत्यासह ‘आम्ही’ दर्शविते, आदरार्थी ‘तुम्ही’ दर्शविते आणि ‘स्वतः’ या अर्थीही येते. ‘आपण प्रभूपासून दूर गेलो आहोत’ असे युवकनेता म्हणतो तेव्हा दोष सर्वांचा होतो. ‘आपण कबुली द्यावी’ असे म्हणतो तेव्हा ‘आपण’ कोण हे संदिग्ध राहते, आणि उठून उभे राहणारा नेहमी श्रोताच असतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद मराठीने जपला आहे ही मराठीची श्रीमंती आहे. तीच सभेत सत्तेची सोयही होऊ शकते.

चौथे साधन ‘साक्ष’. न्यायालयात साक्षीदार दुसऱ्याविषयी सांगतो आणि त्याची उलटतपासणी होते. सभेतील साक्ष स्वतःविषयी असते आणि तिची उलटतपासणी होत नाही. पूर्वीचे पाप, मधला क्षण आणि नंतरची शांती, असा तिचा आकार ठरलेला असतो. ज्याच्या आयुष्याला हा आकार नाही त्याला सांगण्यासारखे काही नाही असे ठरते. मग काहीजण आकाराला अनुरूप असे आयुष्य सांगू लागतात. शिवाय सांगितलेले पाप ज्याच्या कानी गेले त्याच्या हाती ते राहते. रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात विचारपरिवर्तनाच्या दडपशाहीची जी आठ लक्षणे सांगितली त्यांत सक्तीची कबुली आणि ठरीव, भारलेली भाषा ही दोन आहेत, हे येथे आठवावे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे. त्याच्या चळवळींतील दोष दाखविल्याने धर्मद्वेषाला खाद्य मिळणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, वर दिलेली चारही भाषिक साधने कोणत्याही एका धर्माची मिरास नाहीत. ‘महाराजांची आज्ञा झाली’ या वाक्याची रचना ‘प्रभूने दाखविले’ या वाक्याहून भिन्न नाही. पक्षांची प्रशिक्षण-शिबिरे आणि नामांकित शिक्षणसंस्थांतील गुरुशिष्य-संबंध यांतही ती सापडतील. विद्यापीठीय विभागांनी आपल्याला यातून वगळू नये. दुसरे उत्तर असे की, ही चिकित्सा ख्रिस्ती परंपरेतूनच आलेली आहे. रमाबाईंनी ती १८८५ मध्ये केली. ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागेही मिशनच्या पालकशाहीतून हिंदी ख्रिस्ती माणसाला मोकळे करण्याची तळमळ होती. आणि १८९३ चा अनुभव सांगतो की, बाहेरून आलेला विरोध तरुणांच्या संमतीचा कैवार घेतोच असे नाही. पुष्कळदा त्याला केवळ त्यांचा ताबा हवा असतो.

कायद्याने यातील एका भागाची दखल घेतली आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या केंद्रीय कायद्यात अपराध करणारा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील असेल तर अपराध अधिक गंभीर मानला जातो. परंतु देहाला स्पर्श न करता मनाचा जो ताबा घेतला जातो त्याला कायदा सहसा नाव देत नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथील ‘नाइन ओ’क्लॉक सर्व्हिस’ ही युवकांची उपासनासभा १९९५ मध्ये बंद पडली आणि तिचा नेता ख्रिस ब्रेन याला न्यायालयाने विनयभंगाच्या अपराधांबद्दल दोषी ठरविले ते २०२५ मध्ये. मधल्या तीस वर्षांत पीडित स्त्रियांजवळ अनुभव होता. त्याला मान्य होईल अशी भाषा मिळावयास इतका काळ गेला.

यावरून जो निकष हाती येतो तो असा. एखाद्या धर्मसभेत किती अश्रू गळाले, आवाज किती चढला, किंवा नेता किती प्रभावी होता, यांवरून गैरवापराची परीक्षा होत नाही. परीक्षा नकारावरून होते. त्या मंडळींच्या बोलीत ‘नाही’ म्हणण्यासाठी असा एखादा शब्द आहे काय, की जो उच्चारताच गर्व, हट्ट, दुष्टात्मा किंवा ‘अद्याप’ यांपैकी कशात तरी भाषांतरित होत नाही? नकार दिल्यानंतर नाते टिकते काय? आणि तो नकार कोणी लिहून ठेवतो काय? वाँटेजच्या पत्रव्यवहाराला, त्यातील सारी कटुता जमेस धरूनही, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी देता येते. केडगावच्या वृत्तान्तांना देता येत नाही.

हा निकष वापरून पाहण्यास सोलापूरसारखे क्षेत्र दुसरे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा येथे नित्य एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात. अनुभववाचक चतुर्थी कन्नड-तेलुगूतही आहे आणि श्रोत्यासह व श्रोत्याविना ‘आम्ही’ हा भेद तेलुगूनेही जपला आहे; तेव्हा वर वर्णिलेली साधने या भाषांतील प्रार्थनासभांत कोणते रूप घेतात, हा पदव्युत्तर संशोधनाचा विषय होऊ शकतो. मात्र असे संशोधन करणाऱ्याने एक पथ्य सांभाळावे. ज्या तरुणांचे बोलणे तो टिपून घेईल त्यांच्यावर त्याचाही अधिकार चालणार आहे. त्यांनी नको म्हटल्यास त्याने यंत्र बंद करावे, आणि नको म्हटले गेले एवढे, नाव न देता, आपल्या प्रबंधात नोंदवावे. मुक्तिसदनाच्या वृत्तान्तकारांकडून जी नोंद राहून गेली ती निदान यापुढे राहू नये.